हिरानं न घेतलेलं पातळ

हिराच्या नवऱ्याचा, पवार सरांचा फोन आला तेव्हा मी गॅसवर अंडी उकडायला ठेवली होती. हिराच्याच कोंबड्यांची अंडी. ती यवतमाळच्या दवाखान्यात होती तेव्हा सर तिचे कपडे आणायला दिग्रसला जायचे आणि येताना माझ्यासाठी पिशवीत अंडी आणायचे, कारण बाईसाहेबांचा पलंगावरून तसा हुकूम असायचा. "ताई, हिरा गेली," एवढंच सर म्हणाले. मी काय बोलले ते आठवत नाही. खुर्चीत बसले ती बसलेच... भांड्यातलं पाणी आटलं, अंडी फुटून करपली, घरभर धूर झाला आणि शेजारीण दार ठोठावायला लागली तेव्हा कुठे मी उठले. हिरानं ते भांडं पाहिलं असतं तर माझी खैर नव्हती. कोंबडीनं जीव लावून दिलेलं अंडं जाळतेस, लाज नाही वाटत, असं ती भर रस्त्यात ऐकवायला कमी करायची नाही. ते भांडं मी अजून घासलेलं नाही. घासवत नाही.

दिग्रसमध्ये तिला सगळे कोंबडीवाली मॅडम म्हणत. निम्मे कौतुकानं, निम्मे टिंगलीनं. गेल्यावरही भेटायला आलेले लोक "त्या कोंबड्यांचं काहीतरी करायच्या ना त्या?" असं विचारत होते. "काहीतरी" नाही हो. अंडी देणाऱ्या कोंबड्यांना जन्मभर तारेच्या पिंजऱ्यात कोंबून ठेवू नका, एवढं एकच ती सांगत होती, आणि ते एवढं साधं होतं की लोकांना त्यात काहीतरी लपलंय असंच वाटायचं.

आमची ओळख शाळेतली. मी यवतमाळची, आमच्या घरातल्या तीन पिढ्या कचेरीत आणि कोर्टात गेलेल्या, आणि अंड्याला आमच्या स्वयंपाकघरात प्रवेश नव्हता. नोकरी लागली ती दिग्रसजवळच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत, आणि तिथे ही हिरा. जवळच्याच बंजारा तांड्यातली मुलगी, शिकून मास्तरीण झालेली. घरी गोरबोली, शाळेत मराठी, आणि रागावली की दोन्ही एकदम. पहिल्याच आठवड्यात मी भारताचा नकाशा काढायला कपाट उघडलं तर आत नकाशांच्या गुंडाळ्यांवर एक कोंबडी बसलेली. मी किंचाळले. हिरा धावत आली, आणि मला वाटलं आता कोंबडीला हाकलेल, तर तिनं मलाच बाजूला सारलं. "हळू वं मॅडम, खुडूक बसली आहे ते. तिले आडोसा लागते." पिल्लं निघेपर्यंत आमच्या शाळेत भूगोल नकाशाविनाच शिकवला गेला. मुख्याध्यापकांनी कुरकुर केली, पण हिरापुढे त्यांचं काही चालायचं नाही. पुढे तिच्याच घरी मी आयुष्यातलं पहिलं अंडं खाल्लं, घाबरत घाबरत, आणि ती माझ्या तोंडाकडे पाहत पोट धरून हसत होती. हे मुद्दाम सांगते, कारण हिरा काही साधू नव्हती. तिच्या घरी मटण व्हायचं, अंडी तर रोजचीच. "खा की," ती म्हणायची, "पण तिले जित्तेपणी उभं तरी राहू दे."

आता वसरामबद्दल सांगायला हवं, कारण हिराचं सगळं दुःख त्याच्या शेडमध्ये होतं. वसराम तिचा धाकटा भाऊ. याडी, म्हणजे त्यांची आई, शेतावर जायची, तेव्हा हिरानंच त्याला कडेवर वागवलेला. तो तिला बाई म्हणायचा. त्यांच्यात मोठ्या बहिणीला तसंच म्हणतात. पोरगा कष्टाळू, डोक्यानं तल्लख. तांड्याच्या कडेला त्यानं अंड्यांची पोल्ट्री टाकली तेव्हा अख्खा तांडा लोटला होता. मीही गेले होते. नवीकोरी शेड, ओळीवर ओळ चढवलेले चकचकीत रिकामे पिंजरे. पूजेला हिराच पुढे. नारळ तिनंच फोडला, पहिल्या ओळीच्या खांबाला हळदकुंकू तिनंच लावलं. भावाचं कौतुक तिच्या चेहऱ्यावर मावत नव्हतं. रिकाम्या पिंजऱ्यात काय यायचंय, हे त्या दिवशी कोणाच्याच मनात आलं नाही... रिकामा पिंजरा म्हणजे नुसती जाळीच की हो.

काही महिन्यांनी ती माहेरी गेली आणि भरलेल्या शेडमध्ये शिरली. काय पाहिलं ते तिनं मला इतक्यांदा सांगितलंय की मीच पाहिल्यासारखं वाटतं. एकेका खणात चारचार कोंबड्या, पंख पसरायला जागा नाही, चोचीची टोकं कापलेली, पायाखाली उतरती तार, अंडं घातलं की घरंगळून पुढे जावं म्हणून. पण हे पाहूनही तिचा धीर सुटला नव्हता. सुटला तो एका कोंबडीपाशी. ती कोंबडी तारेवर फतकल मारून बसली होती आणि पंखानं अंगावर धूळ उडवून घेत होती. कोंबड्या अंगणात धुळीची आंघोळ करतात ना, अगदी तशी. मान तिरपी, डोळे अर्धे मिटलेले. फक्त धूळ नव्हती. हिरानं वसरामला विचारलं, ही काय करून राह्यली? तो म्हणाला, काही नाही बाई, सवय असते त्यांची. "तिनं जन्मात माती पाह्यली नाही कुंदे," हिरा मला सांगायची, "मंग तिले ते कोणं शिकवलं?"

वसराम वाईट नव्हता. त्याची बाजूही मी ऐकली आहे. बाहेरून गाड्या भरून अंडी येतात, त्यांच्या दराशी टक्कर द्यायची तर पिंजऱ्यावाचून भागत नाही, जमिनीवर सोडल्या तर रोगराई होते, तांड्यातल्या बायाबापड्यांना त्याच शेडमुळे बाराही महिने काम आहे. यातलं काहीच खोटं नव्हतं. हिरा त्याला विनवायची, अरे मोठी शेड आहे, भुसा टाक, बसायला दांड्या लाव, अंडं घालायला आडोसा कर, थोड्या कमी ठेव. तो हो बाई, पाहतो बाई म्हणायचा. आणि नव्या कोंबड्या पुन्हा त्याच पिंजऱ्यात भरायचा.

मग ती बाहेर पडली. आम्ही दोघी एकाच वर्षी निवृत्त झालो होतो. मी माझी निवृत्ती आरामात वाचत पडण्यासाठी राखून ठेवली होती, आणि या बयेनं मला बाजार फिरायला लावलं. वसरामच्याच शेडमधला एक मोडका पिंजरा घेऊन ती एसटीत बसायची. कंडक्टर विचारायचा, कोंबडीचं तिकीट? ही म्हणायची, कोंबडी नाही, तिचं घर आहे, बघा माणूस राहू शकतो का. दिग्रसच्या, आर्णीच्या बाजारात पिंजरा ठेवून ती भाषण करायची नाही. एखाद्या बाईला हसत जवळ बोलवायची, हात अंगाला चिकटवून उभं राहा म्हणायची, आणि आपली जुनी ओढणी तिच्याभोवती घट्ट गुंडाळायची. मग नुसत्या गप्पा. पोरं किती, कापूस निघाला का, सासू कशी आहे. बाई हसत असायची. थोड्या वेळानं तिचं नाक खाजायला लागायचं. मग मान वळवायची, मग चुळबुळायची, मग म्हणायची, सोडा ना मॅडम. हिरा लगेच सोडायची आणि पिंजऱ्याकडे बोट दाखवायची, बस्स. अनेक जणी तशाच निघून जायच्या. काही त्या दिवशी गावरान अंडी शोधत फिरायच्या. एका अंडीवाल्यानं आमचा पिंजरा नालीत फेकला होता. तो मी काढला, माझ्या चांगल्या साडीचं वाटोळं करून, आणि त्याला जे बोलले ते इथे छापता यायचं नाही.

शाळेतल्या पोरांना जी अंडी देतात ती तरी पिंजऱ्यातली नकोत, बचत गटाच्या बायांकडून मोकळ्या कोंबड्यांची घ्या, यासाठी तिनं यवतमाळच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. अर्ज मी लिहायची, बोलायची ती. एक साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, मॅडम, इथं माणसांचे प्रश्न सुटेनात आणि तुम्ही कोंबड्यांचं काय घेऊन बसल्या? माझं डोकं तडकलं, पण हिरा शांत. म्हणाली, "माणसांचं होईस्तोवर थांबते ना कोंबडी सायेब. पण उभी कुठं राहीन ते?" साहेबांनी तो अर्ज तरी घेतला. हळूहळू काही तांड्यांतल्या बायांनी, पलीकडे झरी जामणीकडच्या कोलाम बायांनी आपापल्या शाळांना अंडी द्यायला सुरुवात केली. आर्णीकडच्या एका शेडवाल्यानं पिंजरे काढून भुसा टाकला. त्या दिवशी हिरानं मला रस्त्यावर मिठी मारली होती. पण कुठेही गेलं तरी कोणीतरी उठून विचारायचंच, मॅडम, आधी भावाचे पिंजरे उघडा ना! सगळं गाव जिंकलं असतं तरी ती माहेरच्या दारात हरलेलीच होती.

त्यांच्यात लग्नाच्या मुलीची पाठवणी होते तेव्हा ती ढावलो गाते. गाणं म्हणजे रडणंच. एकेका नातलगाच्या गळ्यात पडून, सूर लावून रडायचं. भावाच्या गळ्यात पडल्यावर तर दगडालाही पाझर फुटावा. हिराच्या लग्नात मी ते ऐकलंय. वसराम तेव्हा शाळकरी होता आणि तिच्या घागऱ्याला धरून हमसत होता. तर झालं असं, की शेडमधल्या कोंबड्या अंडी द्यायच्या थांबल्या की ट्रक येतो आणि त्यांना पायांनी उलटं धरून भरून नेतो. अशा एका सकाळी हिरा शेडच्या फाटकाशी जाऊन उभी राहिली, डोक्यावर पदर ओढला, आणि तिनं ढावलो सुरू केला. ट्रकवाले हमाल थबकले. तांड्यातल्या बाया घरांतून बाहेर आल्या, पण जवळ कोणी येईना. लेकीच्या पाठवणीचं गाणं कोंबड्यांवर... काहींना हसू आलं, म्हाताऱ्यांना अपशकुन वाटला. वसराम आतून आला तो लालेलाल होऊन. माझ्या दारात हे गाते तू? म्हणून ओरडला. हिरानं पदर मागे घेतला. डोळे गळत होते, पण आवाज सरळ होता. "जल्मभर तुह्याच घरी राबल्या त्या वसराम. जाताना कोणी रडावं नाही का त्यांच्यासाठी?"

त्यानंतर अबोला नाही झाला, हेच जास्त वाईट झालं. भाऊबीजेला तो यायचा. ती त्याला ओवाळायची, जेवू घालायची, पुरणपोळीवर तुपाची धार धरायची, आणि त्यानं आणलेलं पातळ हात लावून, डोळ्यांना लावून परत त्याच्या पिशवीत ठेवायची. पिंजरे काढ, मग नेसीन, म्हणायची. तो मान खाली घालून जेवायचा. पुढल्या दिवाळीला नवं पातळ घेऊन पुन्हा दारात. मी एकदा चिडून म्हटलं, अगं घे की बाई एक, जीव जातो त्याचा. ती म्हणाली, माझाही जातोच आहे.

मग तिचं पोटाचं दुखणं निघालं आणि निघालं तेव्हाच उशीर झालेला होता. दवाखान्यात शेवटी शेवटी ती एवढीशी झाली होती. घरी जायचंय म्हणून हट्ट धरला आणि डॉक्टरांनीही अडवलं नाही, तेव्हाच आम्ही समजलो. निघायच्या आदल्या दुपारी सर गाडी ठरवायला खाली गेले होते. तिनं माझा हात धरला. आमच्याकडे काय आणि त्यांच्याकडे काय, बाई गेली की तिच्या अंगावर माहेरचं पातळ पडतं, भाऊ आणतो. त्याशिवाय तिला नेत नाहीत. मी विषय बदलायला गेले तर तिनं हात सोडला नाही.

"वसराम पातळ आणीन. पिंजरे आहेत तोवर ते माह्यावर टाकू देऊ नको."

मी म्हटलं, हिरे, असं नको करू, तो आयुष्यभर जळेल. तिनं डोळे मिटले. मला वाटलं झोपली.

"मी असती तं नरमली असती. म्हणूनच तुले सांगून राह्यली... तू नरमू नको, कुंदे." आणि पुन्हा हात दाबून, "आन् त्याले सांग, मी रागावली नाही."

त्या करपलेल्या अंड्यांच्या सकाळी मी मिळाली ती पहिली बस धरून दिग्रसला पोचले तेव्हा अंगणात माणसं दाटली होती. हिराला न्हाऊ घातलं होतं. वसराम पायरीशी उभा, हातात प्लास्टिकची पिशवी, त्यात डाळिंबी पातळ. सरांना तिचा निरोप मी दवाखान्यातच सांगितला होता. ते माझ्याकडे पाहत म्हणाले, ताई, तुमच्याजवळ बोलली ती, तुम्हीच सांगा. देवा, असली कामगिरी दुश्मनावरही येऊ नये. सगळ्या गोतासमोर मी त्याच्यापाशी गेले आणि सांगितलं, वसरामभाऊ, ती नको म्हणाली होती. ती रागावली नव्हती, पण पिंजरे आहेत तोवर नको म्हणाली होती. भांडला असता तर बरं झालं असतं. तो फक्त म्हणाला, "मंग माह्या बाईले उघडी नेता का?" आणि खाली बसला.

मग याडी उठली. नव्वदीला टेकलेली, दिसत कमी, कानही गेलेले. तिला कोणी काय सांगितलं आणि किती, देव जाणे. तिच्या डोक्यावर ती जुनी ओढणी असते ना, काठाला आरसे आणि कवड्या लावलेली, तिच्या स्वतःच्या लग्नापासूनची, जी तिनं कोणाला कधी धुवायलासुद्धा दिली नाही... ती तिनं काढली. तांड्यात जन्म काढलेली म्हातारी चारचौघांत बोडक्या डोक्यानं उभी राहिली आणि तिनं ती लेकीच्या अंगावर पसरली. "माहेर मी बी आहो," एवढंच म्हणाली. मग हिराच्या कानाशी वाकून तिनं ढावलो सुरू केला. मरणाच्या दारी तो गातात की नाही मला माहीत नाही. त्या दिवशी याडीनं गायला. लेकीनं आईच्या गळ्यात पडून गायचं ते आईच लेकीच्या वतीनं गात होती. वसरामनं दोन्ही हातांनी कान झाकून घेतले. ओढणीचे आरसे उन्हात चमकत होते आणि मी, जिनं लग्नातल्या रडण्याला आयुष्यभर नावं ठेवली, ती भिंतीला धरून गुरासारखी रडत होते.

हिरा अशी गेली, आईची ओढणी पांघरून, भावाच्या पातळाविना. लोक मला काय काय म्हणाले असतील ते म्हणोत.

गेल्या आठवड्यात दुपारी दारावर थाप पडली. वसराम होता. मोटारसायकलवर आला होता, दाढी वाढलेली. हातात तीच पिशवी. मी पाणी दिलं. त्यानं ते एका दमात संपवलं. मग सांगायला लागला, की बाईनं पूजेला ज्या खांबाला कुंकू लावलं होतं त्याच्यावर अजून डाग आहे, पुसला जात नाही. त्या खांबाची ओळ त्यानं काढली. त्यातल्या कोंबड्या खाली भुशावर सोडल्या. पहिले काही दिवस त्या नुसत्या उभ्याच राहिल्या, त्यांना चालायचं कसं ते कळेना. "मग एक बसली, ताई... आन् भुसा अंगावर घेऊ लागली."

त्यानं पिशवी पुढे सरकवली. "बाकीच्या ओळीले मले वेळ लागीन. एका ओळीपुरतं तरी घे म्हणा ना तिले."

माझ्या तोंडावर आलं होतं, दे रे बाबा, दे, घेतलं तिनं. पण तिचा हात मला अजून मनगटावर जाणवत होता. मी म्हटलं, नाही वसरामभाऊ. सगळे पिंजरे. त्यानं मान हलवली. मालूम होतं, म्हणाला. उठताना पिशवी मात्र त्यानं घेतली नाही. माझ्याजवळ राह्यलं तं मी हिंमत हारीन, तुमच्याजवळ ठेवा, म्हणाला, आणि गेला.

ते पातळ आता माझ्या कपाटात वरच्या खणात आहे, घडी न मोडलेलं, दुकानाची चिठ्ठी अजून पदराला टाचलेली. रोज सकाळी कपाट उघडलं की ते समोर येतं आणि मी त्याला हात लावते, डोळ्यांना लावते, परत ठेवते. हिरा ठेवायची तसंच. वसराम उरलेल्या ओळीही काढेल असं मला वाटतं. एक दिवस त्याचा फोन येईल, की ताई, झालं, आता द्या तिला. तिनं मला सगळं बजावून सांगितलं होतं, कोणाला अडवायचं, कसं, काय बोलायचं. त्या दिवशी हे पातळ मी कोणाला नेसवू, हे तेवढं तिनं सांगितलं नाही.